रिकाम्या गावातली चाळीस मिनिटं

बाबांनी गाऱ्हाणं घालायचं सोडलं ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेलं नाही. व्याख्यानाला गेलं की शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतंच, "मॅडम, इतकी वर्षं सायकलवर एकट्या फिरताय, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?" मग मी लडाखची गोष्ट सांगते. पाणी संपलं होतं, अर्धी खिंड चढायची बाकी होती, आणि मी अतिशहाणीने थांबलेल्या ट्रकवाल्याला "नको, मला सवय आहे" म्हणून पुढे पाठवून दिलं. लोक हसतात, मीही हसते. खोलीवर आल्यावर स्वतःचाच राग येतो. ती कसली चूक, ती तर फुशारकी. खरी चूक मी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर केली, भर दुपारी, पोट भरलेलं असताना.

आमचं गाव मालवण तालुक्यातलं, तोंडवलीच्या अलीकडे. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये माड. आमच्याकडे देवाशी बोलायची एक रीत आहे. पुजारी मंत्र म्हणतो तो भाग वेगळा. पण गावाचं सुखदुःख देवाला सांगायचं असेल तर एक माणूस पुढे होतो, नारळ ठेवतो आणि आपल्या रोजच्या मालवणीत देवाला खडसावल्यासारखं मोठ्याने सांगायला लागतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे गाऱ्हाणं. गावाच्या देवळात ते घालायचा मान आमच्या घराकडे होता. आजोबांनंतर बाबांनी ते चाळीस वर्षं घातलं. एरवी माझा बाप दहा शब्दांच्या वर बोलणारा नव्हे. माडाची झापं विणत बसला की दुपार सरली तरी त्याच्या तोंडातून "पाणी दी" एवढंच यायचं. पण देवासमोर उभा राहिला की असा आवाज लागायचा, की देवळामागच्या तळीवरची बायामाणसं कपडे आपटायची थांबायची.

एकतिसाव्या वर्षी मी चांगली चाललेली नोकरी सोडली आणि सायकलवर सामान बांधलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनी काहीच विचारलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, तुळशीपुढे नारळ ठेवला, आईला आणि शेजारच्या घरातल्या चुलतकाकाला मागे उभं केलं आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा चेडू सायकल घेवन मुलूख बगूक चल्ला आसा. वाटेत काय इडापिडा आसात, कोणाची वाकडी नदर आसात, ती बाजूक कर आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि काका.

चेडू म्हणजे मुलगी. एकतीस वर्षांची घोडी मी, आणि देवापुढे चेडू. मी सायकलच्या हँडलला टेकून उभी होते आणि मनात हिशेब करत होते की ऊन तापायच्या आत घाट गाठता येईल का. मला ते सगळं गोड वाटत होतं, आणि थोडं लाजिरवाणंही. नंतर दर वेळी तसंच झालं. मी वर्षातून दोनदा यायची, महिनाभर राहायची, परत जायची, आणि दर वेळी नारळ ठेवला जायचा.

मी वाटेत असताना बाबा फोनवर एकच प्रश्न विचारायचे. किती किलोमीटर झाले, कुठला देश, थंडी किती, यातलं काही नाही. "आज तुका जेवक कोणी घातल्यान?" मी सांगायची. एक मास्तर होता, एक म्हातारी होती, एक लष्करातला आचारी होता. "बरां" म्हणून फोन आईकडे जायचा. पुढे एकदा गावच्या जत्रेला मी घरी होते तेव्हा कानांवर पडलं. गावाचं सगळं सांगून झाल्यावर बाबा शेवटी म्हणाले, "आणि परमुलखात जेणी जेणी माझ्या चेडवाक घास दिलो, तेंच्या चुलीक कधी कमी पडाचा नाय असा कर रे म्हाराजा!" आणि माझ्या त्या मास्तरासाठी, म्हातारीसाठी अख्खं गाव ओरडलं, "व्हय म्हाराजा!" माझे डोळे भरून आले. मी पाठ फिरवून प्रसादाचे चणे खात राहिले.

आता मी कशी प्रवासी होते तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी फार शिस्तीची प्रवासी. ज्याच्या गावात पाय ठेवाल त्याचा कायदा पाळा, हे नवख्या पोरापोरींना मी बोट नाचवून सांगायची. हिमाचलातल्या एका गावात परक्या माणसाने घराच्या भिंतीला हात लावायचा नसतो. तिथे माझा तोल गेला तेव्हा मी भिंत न धरता सरळ चिखलात बसले. मध्य आशियात पाव उलटा ठेवत नाहीत, तर मी झोपेतसुद्धा पाव सुलटा ठेवला असता. मेघालयातल्या एका देवराईतून पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. बाहेर पडताना माझ्या बुटाच्या तळाला एक पान चिकटलेलं दिसलं. मी ते काढलं, परत आत गेले आणि ठेवून आले. त्याचा किस्सा मी शंभर वेळा तरी सांगितला असेल. टाळ्या पडायच्या.

आणि आमच्या गावाचाही एक कायदा आहे. दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा कौल लागतो आणि गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री अख्ख्या गावाने गाव सोडायचं. म्हातारे, बाळंतिणी, गुरं, कोंबड्या, कुत्री, पोत्यात घालून मांजरंसुद्धा. शिवेपलीकडे झापांच्या खोपी बांधायच्या आणि तिथे राहायचं. का, ते कुणी धड सांगत नाही. कुणी म्हणतं पूर्वी साथ आली होती, कुणी म्हणतं तेव्हा गाव देवाचा असतो आणि देव एकटाच गावातून फिरतो. हमरस्त्यावरची एस्टी जाते-येते, तेवढं देव समजून घेतो. पण वाडीत माणसाचं पाऊल पडता कामा नये. चौथ्या दिवशी कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं की वाजतगाजत आत यायचं आणि देवळात गाऱ्हाणं.

त्या वर्षी मी राजस्थानात होते. आईचा फोन आला. "कौल लागलो गो. येतलंस मा? बाबा म्हणतत, खोप तू इल्याशिवाय बांधूची नाय."

"आदल्या दिवशी येतंय," मी म्हटलं.

आले नाही. दोन परदेशी सायकलवाले भेटले होते, त्यांच्याबरोबर वाळवंटात आणखी चार दिवस काढायचा मोह झाला. बाबांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली, मग काकाला घेऊन खोप उभी केली. मी नांदगावला गाडीतून उतरले तेव्हा गावपळणीचा दुसरा दिवस उजाडला होता. सायकल जोडली, हॉटेलात घावणे-चटणी खाल्ली, आणि देवगडच्या बाजूच्या रस्त्याने डुलत डुलत निघाले. दुपारी गावाच्या अलीकडच्या शिवेवर पोचले. आमच्या वाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीवर माडाचं एक चुडत आडवं टाकलेलं होतं. चुडत म्हणजे माडाची झावळी. गाव बंद आहे असं सांगायला तेवढं पुरे होतं, आमच्याकडे ते लहान मुलालाही कळतं.

खोपी पलीकडच्या शिवेवर, खाडीच्या काठाला. तिथे जायला बाहेरून बारा किलोमीटरचा वळसा होता. माझ्यासारखीला बारा किलोमीटर म्हणजे काय? मी दमलेली नव्हते, भुकेली नव्हते, रस्ताही चुकले नव्हते. मला फक्त एवढं सुचलं की रिकाम्या गावाचं चित्रण आजवर कुणी केलेलं नाही. माझा तेव्हा व्हिडिओंचा चॅनेल होता, बरा चालायचा. वाळवंटं सगळेच दाखवतात. असा गाव कोण दाखवणार? आणि मी काही परकी नव्हे, हा माझा गाव, माझं घर. मेघालयातल्या पानाची आठवण मला त्या क्षणी झाली नाही. झाली असती तरी मी तिला गप्प बसवलं असतं. मी सायकल चुडताच्या अलीकडे काजूच्या झाडाला टेकवली, मोबाईल काठीला लावला आणि आत गेले.

चाळीस मिनिटं मी आत होते. इतकं नेमकं आठवतं कारण मोबाईलची बॅटरी संपत आली होती आणि माझं लक्ष सारखं त्या आकड्याकडे होतं. वाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात घुसत होता, म्हणून मी हाताचा आडोसा करत होते. ऊन पाठीमागे आलं की माझा चेहरा काळा दिसत होता, म्हणून मी फिरून फिरून उभी राहत होते. "मित्रांनो, या क्षणी या गावात माझ्याशिवाय एकही माणूस नाही," हे वाक्य मी पाच वेळा म्हटलं, कारण दर वेळी शेवटी आवाज चिरकत होता. आमच्या खळ्यात जाऊन बंद दारासमोर उभी राहून म्हटलं. देवळासमोर म्हटलं. बॅटरी मेली तशी मी आल्या वाटेने परत फिरले, सायकल घेतली आणि वळसा घालून खोपींकडे गेले.

बाबा खोपीच्या बाहेर चूल फुंकत बसले होते. मला बघून त्यांनी विचारलं, "वाटेत जेवलंस?" आईने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. खाडीतून त्या सकाळी काढलेल्या शिंपल्या, भरपूर खोबरं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उशीर केलास म्हणून कुणी बोल लावला नाही, त्यामुळे मला अगदी मोकळं वाटलं. पुढचा दीड दिवस मी बायकांबरोबर फुगड्या घातल्या, काकाच्या जाळ्याला हात लावला, खिदळले. मी काय करून आलेय याचं मला ओझं नव्हतं. चित्रण बरं आलं असेल ना, एवढीच धाकधूक होती.

चौथ्या दिवशी कौल लागला आणि सगळे देवळात आले. गर्दीत मी आईच्या शेजारी उभी होते. बाबांनी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! तीन दिस, तीन राती तुझो गाव तुका मोकळो करून दिलो. ल्हान-थोर, गोरवासरू, सगळी शिवेभायर ऱ्हवली. मनीस म्हणान कोणी आत पाय घालूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांबरोबर मीही ओरडले. सवयीने. ओरडून झाल्यावर छातीत काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण पुढचं वाक्य आलं, पुढचा 'व्हय म्हाराजा' आला, आणि ते टोचणं त्यात बुडालं. बाबांच्या पाठीकडे बघत होते मी. सदरा घामाने चिकटला होता. एवढा खणखणीत आवाज काढून तो माणूस देवाला खोटं सांगत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला. मी साक्ष दिली.

दहा दिवसांनी मी परत वाटेला लागले आणि व्हिडिओ टाकला. तो असा चालला की बास. आठ मिनिटांचा व्हिडिओ, त्यातली पाच मिनिटं माझंच थोबाड, मागे माडांची हिरवी-तपकिरी पळापळ, आणि वर कसलंसं उदास संगीत. लोक लिहीत होते, काय धाडस, काय शांतता! मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्याच गावच्या कुणीतरी तो बघितला आणि बाबांना फोन केला.

नंतर काय झालं ते मला आईने सांगितलं. देवळात बैठक बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. गावची माणसं समजूतदार, आणि बाबांना मानणारी. चेडू फिरस्ता, तेका कळाक नाय, एक नारळ ठेवया आणि देवाकडे चूक पदरात घे म्हणून सांगया, मरांदे, असं सगळ्यांनी म्हटलं. विषय तिथेच मिटला असता. बाबाच उभे राहिले. "चेडवाची चूक चेडवाकडे. पण देवासमोर खोटा बोल्लंय तो मी. ह्या तोंडान आता गाऱ्हाणां घालूचंय नाय." काकाने हात धरला, पुजाऱ्याने समजावलं. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. चाळीस वर्षांचा मान त्यांनी त्या संध्याकाळी काकाच्या हाती दिला आणि घरी येऊन जेवले.

आणि मी? मी फोनवर आईशी भांडले. "अगो आये, कोणाचा काय वाकडा झाला? माणसं चंद्रावर जातात आणि तुम्ही अजून..." वगैरे वगैरे. जी वाक्यं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली असती तर त्याला फाडून खाल्लं असतं, ती मी माझ्या आईला ऐकवली. आई म्हणाली, "माका काय सांगतंस? बापाशी बोल." बाबांशी बोलायचा धीर झाला नाही. व्हिडिओ मी अकरा दिवसांनी काढला. पहिल्याच दिवशी का काढला नाहीस, असं मला कुणी विचारलेलं नाही, पण मी स्वतःला विचारते. चालत होता ना, म्हणून. नंतर मात्र मी तो सगळीकडून पुसला, मूळ चित्रणसुद्धा ठेवलं नाही. पुसताना मला आपण फार मोठं प्रायश्चित्त घेतोय असं वाटत होतं. कर्म माझं!

आठ महिने मी घरी गेले नाही. गेले तेव्हा पेजेचं ताट समोर ठेवत बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "ह्या खेपेक कोणी कोणी जेवक घातल्यान?" मी रडायला लागले. "बाबा, माजी चूक झाली," एवढं कसंबसं म्हटलं.

"मरांदे," ते म्हणाले. "पेज थंड होता."

मी देवळात गेले, नारळ ठेवला, काकाने माझ्या वतीने देवाकडे माफी मागितली. गावातल्या मानकऱ्यांच्या घरोघरी गेले. एक म्हातारा म्हणाला, "गो बाय, आमी कधीच इसारलो. तुझो बापूस इसरता काय बघ." मी बाबांना म्हटलं, आता परत घाला. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. काका बिचारा घालायचा, पण दोन वाक्यांत आटपायचा, आणि मध्येच अडकला की बाबांकडे बघायचा. बाबा गर्दीत मागे, खांबापाशी उभे असायचे. ते जमिनीकडे बघत राहायचे. आपल्या वेळेला मात्र सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे, हळू आवाजात.

त्या खेपेला निघताना मी सायकल खळ्यात आणली आणि उभी राहिले. नारळ नव्हता. बाबा बाहेर आले, त्यांनी टायर दाबून बघितला. आई म्हणाली, "काकाक हाक मारू काय?" मी नको म्हटलं. बाबांनी तुळशीकडे बघून हात जोडले, ओठ मिटलेले, आणि मग बाजूला झाले. अकरा वर्षांत इतकी उघडी मी कुठल्याच वाटेवर पडले नव्हते. देवावर माझा विश्वास आहे का, हा प्रश्नच नव्हता. माझ्यासाठी मोठ्याने बोलणारा एक माणूस होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

नंतर मी प्रवास केला, पण कमी कमी होत गेला. कुणाच्या घरी जेवायला बसले की घास अडकायचा. या बाईचं नाव आता कुणापुढे जाणार नाही, असं वाटायचं. बाबा फोनवर विचारत राहिले, मी सांगत राहिले, ते "बरां" म्हणत राहिले.

गेल्या मार्गशीर्षात परत गावपळण झाली. या वेळी मी पंधरा दिवस आधी येऊन बसले. झापं मी विणली, मेढी मी पुरल्या, खोप मी बांधली. बाबांचे गुडघे गेलेत, छातीचंही काहीतरी आहे, चार पावलं टाकली की थांबावं लागतं. पुढच्या गावपळणीला ते असतील असं आमच्यापैकी कुणाला वाटत नाही, त्यांना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जरा आडवी झाली होती. मी बाबांना खाडीच्या काठाला खुर्ची टाकून बसवलं. पलीकडे आमच्या गावचे माड दिसत होते. बाकी काही दिसत नव्हतं, खाडीचं वळण मध्ये येतं.

त्या माडांकडे बघत बाबा म्हणाले, "तो व्हिडिओ आसा काय गो तुझ्याकडे?"

"नाय बाबा. तेवाच काढून टाकलंय."

"तेवा माका काकान दाखवतंय म्हटल्यान. मी नको म्हटलंय. बगूचा न्हय ता." ते थांबले, श्वास घेतला. "पण आता माजे दिस किती ऱ्हवले? चाळीस वरसां देवाक सांगत इलंय, गाव मोकळो करून दिलो, गाव मोकळो करून दिलो. मोकळो म्हणजे कसो, ता माका म्हायत नाय. माझ्या बापाशीक म्हायत नव्हता. गावात कोणाकच म्हायत नाय." मग माझ्याकडे न बघता, जरा लाजल्यासारखं म्हणाले, "तू बगलंस मा. माका सांग. आपणा नसताना गाव कसो दिसता?"

सांगायचं माझं कामच आहे. तेवढ्यावर तर मी जगते. मी सुरुवात केली. एकदम शांत होतं, म्हटलं. कावळे होते. पाचोळा पडला होता वाटेवर. बाबा मान डोलावत होते.

"खळ्यात आपल्या काय होता? तुळशीकडे कोण पाखरां-बिखरां इल्ली?"

"होती... असतीत," मी म्हटलं.

"देवळामागल्या तळयेर पाण्यातले पक्षी उतरतत म्हणतत. उतरल्लेले?"

तळीकडे मी गेले होते का, तेही मला आठवेना.

बाबा पुढे वाकले. आवाज अगदी खाली आला. "आणि देव फिरता म्हणतत गो त्या दिसांनी. माका म्हायत आसा, दिसाचो नाय तो. पण काय आवाज, काय वारो? काय तरी आयकाक इला तुका?"

त्या चाळीस मिनिटांतला वारा मला आठवत होता. तो मुद्रणात येऊ नये म्हणून मी हाताने अडवत होते. माझी खोटं बोलायची तयारी होती, शपथेवर सांगते, त्या क्षणी मी त्यांना हवं ते बनवून दिलं असतं. पण एकदा या माणसाला मी खोट्यात उभं केलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मी गाव बगूकच नाय. मी मोबाईलात बगीत होतंय. माझाच तोंड."

ते माझ्याकडे वळले. रागाची एक रेघ नव्हती चेहऱ्यावर. त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"मगे बाय," ते म्हणाले, "तू आत गेल्लंस कशाक?"